घरचं जेवण, बाहेरच्यांसाठी

रविवारी दादरला घरच्यांसोबत हॉटेलात जेवताना आपण कौतुकाने म्हणतो, "अगदी घरच्यासारखं आहे हो!" गंमत म्हणजे गिरणगावात उलट होतं. तिथे घरंच खानावळी झाली होती.

कोकणातून, घाटावरून आलेले कितीतरी गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून लालबाग-परळला राहायचे. झोपायला पाळीपाळीने एकच खोली आणि जेवायला चाळीतल्याच एखाद्या मावशींचं घर. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचं वाणसामान मावशींनी उधारीवर भरायचं, नाहीतर सावकाराकडून व्याजाने पैसे काढायचे. संप झाला, पगार थांबला, तरी ताट वाढायचंच. वेळ पडली तर दागिने गहाण टाकून!

१९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बँकेचं छोटं कर्ज मिळायला लागलं आणि सावकाराचा फास सैल झाला. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, जेवणारेही पांगले.

तेव्हा 'घरच्यासारखं' म्हणताना एवढं आठवूया, की ते जेवण जेवणारा घरापासून लांब होता, आणि वाढणारी कर्जात.

असो. थालीपीठ गार होतंय.