मोटारीच्या तेलाची गाळणी

पालघर, बोईसर आणि वाडा या भागांतून मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरविण्याचा व्यापार एके काळीं फार मोठा होता. रानांत वारल्यांनीं कापलेलें गवत बैलगाड्यांतून रेल्वेच्या स्टेशनापर्यंत येई. अशा गाडीच्या साट्याखालीं वंगणाचें एक नळकांडें टांगलेलें असे. चाक कुरकुरूं लागलें कीं गाडीवान खालीं उतरे, नळकांड्यांतील काडीनें आंसाला तेल लावी आणि पुन्हां बैलांना हांक देई. तें तेल आंसावरून गळे आणि धुळींत मिसळून जाई. तें परत गोळा करावें किंवा गाळून घ्यावें, असें कोणाच्या मनांतहि येत नसे. येण्याचें कारणहि नव्हतें.

मोटारीच्या इतिहासाचा आरंभ थोडाबहुत ह्याच रीतीनें झाला. मुंबईंत मोटार आली ती १८९८ च्या सुमारास. त्या पिढीच्या पुष्कळ एंजिनांत तेल थेंबाथेंबानें सोडलें जाई व आपलें काम करून तें जळून अथवा गळून नाहींसें होई. पुढें एंजिनाच्या तळाशीं तेल सांठविण्याचें पात्र आलें. आपल्याकडील मिस्त्री त्याला ‘चेंबर’ म्हणतात. १९०८ पासून १९२७ पर्यंत तयार झालेली फोर्ड कंपनीची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी घेतली, तर तिच्यांत तेलाचा पंपहि नव्हता आणि गाळणीहि नव्हती. फिरते भाग तळांतील तेल उडवीत, आणि त्या शिंतोड्यांवर सारें एंजिन चाले.

ह्या सुधारणेनें तेल वांचलें, परंतु एक नवीच अडचण उभी राहिली. गळून जाणाऱ्या तेलाबरोबर घाणहि निघून जात असे. तेंच तेल पुन्हां पुन्हां फिरूं लागल्यावर घाणहि त्याच्याबरोबर फिरूं लागली. पेट्रोल जळतांना काजळी होते, झिजणाऱ्या धातूचा चुरा होतो, जळणांतून पाण्याची वाफ निघते, आणि रस्त्यावरची धूळ हवेबरोबर आंत शिरते. हें सर्व अखेर तेलांत येऊन मिसळतें. एंजिनाचा दांडा ज्या बेअरिंगांत फिरतो, तेथें दांडा आणि बेअरिंग यांचा परस्परांशीं स्पर्श होऊं नये अशी योजना असते. दोहोंच्या मध्यें तेलाचा एक पापुद्रा असतो, आणि त्याची जाडी कित्येकदां मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या कांहीं पटीच काय ती भरते. माणसाचा केस त्याच्या मानानें दोरखंडासारखा जाड. अशा ठिकाणीं वाळूचा सूक्ष्म कण जरी शिरला, तरी तो दोन्ही बाजूंना चरे पाडतो. म्हणून त्या काळीं तेल फार लवकर, पांचशें मैलांच्या आसपास, बदलावें लागे.

ही अडचण दूर करण्याचा मार्ग अमेरिकेंतील अर्नेस्ट स्वीटलंड ह्या संशोधकानें १९२३ सालीं दाखविला. स्वीटलंड हा कारखान्यांतील गाळण-यंत्रांचा जाणकार होता. साखरेच्या धंद्यांत त्याच्या नांवाचें गाळण-यंत्र प्रसिद्धच आहे. रस गाळण्याची जी विद्या, तीच त्यानें मोटारीच्या तेलाला लावली. आपल्या फिल्टराला त्यानें ‘प्युरोलेटर’ असें नांव दिलें. ‘पुढें शुद्ध तेल’ अशा अर्थाच्या तीन इंग्रजी शब्दांचा तो जोड आहे. १९२४ सालच्या क्रायस्लर गाडींत हा फिल्टर कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागला. तरी पुढें कित्येक वर्षें अनेक मोटारींच्या बाबतींत ही वस्तु वेगळे पैसे देऊन घेण्याची चैन समजली जाई.

त्या पहिल्या फिल्टरांची रीतहि भित्रीच होती. पंपानें ढकललेल्या तेलाचा लहानसा हिस्सा तेवढा गाळणींतून जाई; उरलेलें बहुतेक तेल न गाळतां तसेंच बेअरिंगांकडे जाई. गाळणी तुंबली तर एंजिन उपाशी मरेल, ही भीति त्यामागें होती. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर सर्वच्या सर्व तेल गाळून पुढें पाठविण्याची पद्धति रूढ होत गेली. तुंबण्याच्या भीतीवर तोड म्हणून गाळणीच्या मार्गांत एक झडप बसविण्यांत आली. गाळणी भरून गेली, किंवा थंड तेल घट्ट झाल्यामुळें तिच्यांतून जाईना, तर ती झडप उघडते आणि तेल न गाळतांच पुढें जातें. तेलच न मिळण्यापेक्षां मळकें तेल बरें, हा त्यांतला हिशेब. म्हणून तुंबलेला फिल्टर गाडींत तसाच ठेवला तरी गाडी चालते. मात्र ती फिल्टरावांचून चालत असते, आणि मालकाला त्याची वार्ताहि नसते.

आरंभीं गाळणीची कांडी बदलतां येई, पण तिचें भांडें गाडीलाच कायम असे. मधला बोल्ट सोडून भांडें उतरवावें, आंत सांचलेला गाळ धुवावा, स्प्रिंग, चकत्या आणि पॅकिंग त्याच क्रमानें पुन्हां बसवावें, असें तें किचकट काम होतें. १९५० नंतरच्या दशकांत भांडें, गाळणी आणि झडपा एकाच पत्र्याच्या डब्यांत बंद करून तो डबा आट्यांवर फिरवून बसविण्याची पद्धति निघाली, आणि काम पुष्कळच सोपें झालें.

मुंबईचा ह्या इतिहासाशीं जवळचा संबंध आहे. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता व तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेल्या फियाट गाड्यांनीं मुंबईच्या टॅक्सीचें रूप कित्येक वर्षें ठरवून टाकलें. मध्यमवर्गाच्या दारांत मात्र मोटार मोठ्या प्रमाणावर आली ती १९८३ च्या डिसेंबरांत ‘मारुती ८००’ निघाल्यानंतर. आट्यांवर फिरवून बसणारा लहान डबा या गाडीबरोबर घरोघरीं परिचयाचा झाला.

ह्याच काळांत पालघरच्या किनाऱ्याचें रूपहि पालटत होतें. तारापूरच्या अणुवीज केंद्रानें १९६९ च्या ऑक्टोबरांत वीज देण्यास आरंभ केला. पाठोपाठ बोईसरला लागून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत वाढली. औषधें, रंग, रसायनें, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. जेथें गवताच्या बैलगाड्या चालत, तेथें बोईसर-चिल्हार रस्त्यानें मालमोटारींची रांग मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जाऊन मिळूं लागली. त्या रांगेच्या कडेला गॅरेजें उभीं राहिलीं.

ह्या मुलखांत एंजिनाच्या तेलाची परीक्षा अधिक कडक होते. पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. वसाहतींतून स्टेशनापर्यंत आणि स्टेशनावरून वसाहतींत अशा लहान फेऱ्यांत एंजिन पुरतें तापत नाहीं. मग आंतील पाण्याची वाफ उडून न जातां तेलांत उतरते आणि काजळीशीं मिळून तिचा चिखल बनतो. उन्हाळ्यांत रस्त्याची धूळ असतेच. म्हणून नवें तेल ओतून जुना फिल्टर तसाच ठेवणें ही खोटी काटकसर होय. त्या डब्यांत जुनें तेलहि शिल्लक असतें आणि घाणहि.

फिल्टर काढण्याची आणि बसविण्याची जी रीत आज रूढ आहे, तिची एकेक पायरी कोणाच्या तरी चुकीनें शिकविलेली आहे. एंजिन थोडें चालवून बंद करावें, कारण कोमट तेल लवकर आणि घाणीसकट उतरतें. उकळतें तेल मात्र हात भाजतें. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक ओढावा. ती उचलावी लागली तर पक्क्या घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं शिरणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय. चेंबरचा नट काढून सर्व तेल भांड्यांत उतरूं द्यावें आणि नट परत लावतांना त्याचा वायसर नवा घालावा.

मग जुना डबा पट्ट्याच्या पान्यानें डावीकडे फिरवून सैल करावा. डब्यांत पेंचकस खुपसून तो फिरविण्याची संवय वाईट; पत्रा फाटतो आणि डबा जागचा हलत नाहीं. डबा हातांत आला कीं पहिल्यानें पाहावें तें त्याच्या कडेचें रबरी कडें. तें डब्याबरोबर आलें काय? पुष्कळदां तें उष्णतेनें एंजिनालाच चिकटून राहतें. घाई करणारा माणूस त्यावरच नवा फिल्टर चढवितो. दोन कडीं एकावर एक बसतात, एंजिन सुरू होतें, तेलाचा दाब चौरस इंचास चाळीस-पन्नास पौंडांवर जातो आणि वरचें कडें बाजूला सरकतें. मग चेंबरमधील सारें तेल थोड्याच वेळांत रस्त्यावर सांडतें. तेलाचा दिवा लागलेला चालकानें वेळेवर पाहिला नाहीं, तर एंजिन धरतें, आणि दोन-तीनशें रुपयांच्या डब्यापायीं हजारों रुपयांचा दांडा आणि बेअरिंगें जातात. गॅरेजांतल्या जुन्या मिस्त्रीनें नवशिक्याला दिलेली पहिली ताकीद बहुधा हीच असते.

एंजिनावरील बैठक स्वच्छ फडक्यानें पुसून घ्यावी. नव्या कड्यावर ताज्या तेलाचें बोट फिरवावें, म्हणजे तें घासून पिळवटत नाहीं व पुढच्या वेळीं चिकटून बसत नाहीं. फिल्टर तोंड वर करून बसणारा असेल तर त्यांत आधींच थोडें तेल भरावें. मग तो हातानें फिरवावा. कडें बैठकीला टेकलें कीं तेथून पाऊण फेरा, किंवा डब्यावर छापलें असेल तितका फेरा, आणि तेवढाच. पान्याची गरज काढतांना. बसवितांना हात पुरे. बळानें आंवळलेला फिल्टर अधिक पक्का बसत नाहीं. कडें मात्र चेंगरतें आणि पुढल्या खेपेस डबा निघतां निघत नाहीं.

नव्या अनेक गाड्यांत पत्र्याचा डबा पुन्हां मागें पडला आहे. कायम झांकण आणि आंत कागदाची सुटी कांडी, ही जुनीच योजना सुधारून आली आहे, कारण तिच्यांत पत्रा वाया जात नाहीं. तेथें झांकणाचें रबरी कडें नवें घालून त्याच्या नेमलेल्या खांचेंतच बसवावें लागतें, आणि झांकण कारखान्यानें सांगितलेल्या मापानेंच आंवळावें लागतें. शेवटीं मापानें तेल ओतावें, एंजिन सुरू करावें, तेलाचा दिवा कांहीं सेकंदांत विझतो कीं नाहीं तें पाहावें, खालीं वांकून गळती तपासावी, आणि एंजिन बंद करून चार मिनिटांनीं पट्टीवर तेलाची पातळी पाहावी.

येथें मोटारीचें काम संपतें, पण तेलाचें संपत नाहीं. जें काळें तेल भांड्यांत उरतें त्याला आपल्याकडे ‘जळकें ऑईल’ म्हणतात. तें सेंट्रिंगच्या फळ्यांना लावलें जातें, वाळवीसाठीं खांबांना फांसलें जातें, आणि कित्येकदां गॅरेजमागच्या गटारांत सोडून दिलें जातें. गाडीवानाच्या आंसावरून गळणारें वंगण थोडें आणि बहुधा वनस्पतींचें होतें. मातीनें तें पचविलें. एंजिनांतून उतरलेल्या तेलांत धातूचा चुरा आणि जळणाचे विषारी अवशेष असतात. तें कातडीला वारंवार लागणें अपायकारक आहे, त्यामुळें कर्करोगाची भीति सांगितली जाते. आणि पाण्यावर त्याचा तवंग पसरला म्हणजे खालच्या जीवांचा प्राणवायु तुटतो.

बोईसर-तारापूरला हा प्रश्न पुस्तकी नाहीं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ सालच्या मूल्यमापनांत तारापूरच्या औद्योगिक क्षेत्राला ९३.६९ गुण मिळाले, आणि प्रदूषणाच्या त्या यादींत तें देशांत सर्वांत वर होतें. त्यापूर्वींच, २०१६ सालीं, किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली होती. नवापूर, मुरबे, सातपाटी येथील लोकांचें पोट ज्या पाण्यावर आहे, त्याच पाण्याकडे वसाहतीचे ओढे उतरतात. हा दोष मुख्यतः कारखान्यांच्या सांडपाण्याचा होय, गॅरेजांचा नव्हे, हें न्यायानें सांगितलेंच पाहिजे. परंतु जो ओढा आधींच भरला आहे, त्यांत आपलें एक भांडें ओतणाऱ्यानें स्वतःला निर्दोष समजूं नये.

कायद्यानें ह्याची दखल घेतली आहे. १९८९ सालच्या घातक कचऱ्याविषयींच्या नियमांपासून सुरू झालेली ही व्यवस्था २०१६ सालीं नव्यानें घालून देण्यांत आली. वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत मोडतें व तें नोंदणी झालेल्या पुनःशुद्धीकरण करणाऱ्यांकडेच जावें, असा नियम आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर तेल विकणाऱ्या उत्पादकांवरच वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकण्यांत आली आहे. असें तेल नीट शुद्ध केलें तर तें पुन्हां वंगण म्हणून उपयोगीं पडतें. तेल जुनें होतें तें मुख्यतः मळल्यामुळें आणि त्यांत मिसळलेलीं औषधी द्रव्यें संपल्यामुळें.

म्हणून जाणता मिस्त्री उतरविलेला डबा तसाच फेंकीत नाहीं. तो तोंड खालीं करून रात्रभर भांड्यावर पालथा ठेवतो. सकाळपर्यंत त्यांतून बरेंच काळें तेल निथळतें. तें तो झांकणाच्या डब्यांत भरून ठेवतो, आणि पत्रा भंगाराला वेगळा काढतो. गिऱ्हाइकाच्या बिलांत ह्या कामाची नोंद नसते. गाडी घरीं नेणाऱ्यानें निघतांना एवढें विचारावें, कीं जुनें तेल कोठें गेलें. त्या प्रश्नानें गॅरेजमागचें गटार पुष्कळदां स्वच्छ राहतें.