दिवसाआड: मधल्या दिवसाचा हिशेब

२०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटले. यवतमाळ शहरात तेव्हा ‘दिवसाआड पाणी’ हेसुद्धा सुख वाटावे, इतक्या अंतराने नळ येत होता. या साध्या शब्दात एक जुना प्रश्न दडला आहे: मोजायचे काय?

एक दिवस सोडून चढणाऱ्या हिवतापाला आयुर्वेदाने ‘तृतीयक’ म्हटले, रोमनांनी ‘टर्शियाना’. दोघांनीही पहिला दिवस धरून तिसरा मोजला. इंग्रजीचे ‘एव्हरी सेकंड डे’ त्याच क्रमाला दुसरा म्हणते. १८८०च्या दशकात इटलीच्या कामिल्लो गोल्जींनी या तापाचा संबंध परजीवीच्या ४८ तासांच्या चक्राशी जोडला.

मराठीचा ‘आड’ मात्र येणारा दिवस मोजत नाही. मधला, रिकामा दिवस मोजतो. हंडे भरून ठेवणाऱ्या घराला नेमका तोच दिवस काढायचा असतो.