काळी आणि पांढरी : किल्लारीच्या मातीचा धागा

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग भेटतात. 'काळी' म्हणजे पिकाची जमीन आणि 'पांढरी' म्हणजे वस्तीची. दस्तात 'समस्त पांढरी' असे आले, तर तेथे मातीचा नव्हे, साऱ्या गावकऱ्यांचा उल्लेख समजावा.

गावठाणाची माती पांढुरकी का? चुलीची राख, शेण, हाडे, पडलेल्या भिंतींची माती आणि चुना पिढ्यान्‌पिढ्या तेथेच साचत गेला. दख्खनच्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसा असतो. उणीव असते ती नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्याची. पांढरीत नेमके तेच मुरलेले. म्हणून ओसाड गावठाणांची माती खत म्हणून शेतात नेली जाई. रसायनशास्त्र नंतर आले, अनुभव आधीचा होता.

पण ही माती म्हणजेच पुरातत्त्वाचे थर. इजिप्तमध्येही जुन्या वस्त्यांची माती खतासाठी खणत. तिला 'सेबाख' म्हणत. १८८७ साली अमार्नाची मृत्तिकापत्रे अशाच खोदकामात एका स्थानिक स्त्रीला सापडल्याचे सांगतात. ती निदान ओळखली तरी गेली. मराठवाड्यातील तेर, म्हणजे 'पेरिप्लस'मधील तगर, येथील वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवल्या नसत्या, तर आजचे संग्रहालय उभे राहते ना. तरीही थरातून सुटलेल्या खापराचा काळ ठरवणे अवघडच.

मातीचे आणखी एक काम होते. किल्लारी परिसरातील घरांवर माळवद असे : तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राही. गळती थांबवण्यासाठी वरून नवी माती घालत, त्यामुळे छत वर्षांगणिक जड होत गेले. खाली मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या भिंती.

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. जगाच्या मोजमापात तो मध्यमच, पण हजारो माणसे त्या दगडमातीखाली गेली.

पुढे ५० हून अधिक गावे शेतजमिनी संपादित करून नव्या जागी वसवण्यात आली. काळीवर पांढरी बसली. जुन्या किल्लारीची पांढरी मागे राहिली. गावठाणाच्या थराचे शतक ठरवतानाही अभ्यासकांचे मतभेद होतात. या थराची मात्र वेळसुद्धा नोंदलेली आहे.