शिक्षणातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर परवाने

शिक्षणातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअर परवाने म्हणजे शाळा, महाविद्यालये आणि विद्यार्थी यांना एखादे सॉफ्टवेअर कोणत्या अटींवर वापरता, अभ्यासता, बदलता व इतरांना देता येईल हे ठरविणारे कायदेशीर दस्तऐवज होत. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळणे आणि ते मुक्त परवान्याखाली असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वर्गात शिकविलेले साधन विद्यार्थ्याला घरी नेता येईल की नाही, हे किमतीवर नव्हे तर परवान्यावर अवलंबून असते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता अकरावीच्या 'माहिती तंत्रज्ञान' विषयात 'जीएनयूखाता' हे लेखांकनाचे व 'पोस्टग्रेएसक्यूएल' हे विदासंचय व्यवस्थापनाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर अभ्यासाला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार संगणक आज्ञावलीची गणना साहित्यकृतीत होते. त्यामुळे प्रताधिकारधारकाच्या परवानगीवाचून तिची प्रत करता येत नाही. कलम ६३ब नुसार बेकायदेशीर प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. वापर व्यापारी लाभासाठी नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून केवळ दंडावर प्रकरण मिटवू शकते. मात्र गुन्हा तो गुन्हाच राहतो.

शिक्षणासाठी सारे काही माफ असते, असा समज सार्वत्रिक आहे. त्याचे मूळ कलम ५२ मध्ये असावे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत करणे हा त्या कलमान्वये प्रताधिकारभंग ठरत नाही. परंतु एकच विकत घेतलेले सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतील सर्व संगणकांवर कायमचे बसविण्याचा उल्लेख त्या तरतुदीत कोठेही नाही.

परवान्यांचे स्वरूप

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली व १९८९ मध्ये 'जीएनयू सार्वजनिक परवाना' (जीपीएल) प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ मध्ये, तर तिसरी २००७ मध्ये आली. कोणत्याही हेतूने वापरणे, स्रोतसंहिता अभ्यासून बदल करणे, प्रती वाटणे आणि सुधारित प्रती वाटणे ही स्वातंत्र्ये तो देतो. त्याबदल्यात पुढे वाटलेल्या प्रतीलाही हीच स्वातंत्र्ये असावीत, अशी अट घालतो. लिनक्सचा गाभा या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचा परवाना याहून बराच सैल असून प्रताधिकाराची सूचना कायम ठेवणे एवढीच त्याची मुख्य मागणी आहे.

विद्यार्थी-आवृत्ती हा प्रकार यांपासून वेगळा ओळखावा लागतो. 'टॅली' या प्रचलित लेखांकन सॉफ्टवेअरची शैक्षणिक पद्धत विनाशुल्क आहे. पण तीत महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व शेवटच्या दिनांकाच्याच नोंदी करता येतात. शिकण्यापुरते ते चालते. गावातील दुकानाची रोजची वही मात्र तीत लिहिता येणार नाही.

वर्गातील प्रत्यक्ष वापर

जीपीएलखालील सॉफ्टवेअर महाविद्यालयाने स्वतःच्या कितीही संगणकांवर बसविले, तरी ते 'वितरण' ठरत नाही. त्यामुळे कोणतीही अट लागू होत नाही. शिक्षकाने केवळ स्वतःच्या प्रयोगशाळेपुरते केलेले बदल जाहीर करण्याचेही बंधन नाही. शिक्षकाने तेच सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर घालून विद्यार्थ्यांना दिले की मात्र वितरण घडते आणि स्रोतसंहिता उपलब्ध करून देण्याची जबाबदारी येते. संहिता त्याच पेनड्राइव्हवर देणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. प्रसंगोपात व विनामोबदला वाटप असल्यास, मूळ वितरकाकडून संहितेची लेखी हमी मिळाली असेल तर ती पुढे देऊनही भागते. विद्यार्थ्यांनी अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः उतरवून घेतल्यास महाविद्यालय वितरक ठरतच नाही. परंतु इंटरनेटची गती बेताची असलेल्या गावांत पेनड्राइव्हला पर्याय नसतो.

जीएनयूखाताची गोष्ट आणखी निराळी आहे. कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने विकसित झालेले हे सॉफ्टवेअर 'जीएनयू अफेरो' परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली असून ते ब्राउझरमधून चालते. त्यात बदल करून महाविद्यालयाने ते आपल्या सर्व्हरवर ठेवले व विद्यार्थी ते नेटवर्कवरून वापरू लागले, तर एकही प्रत न वाटता त्या विद्यार्थ्यांना बदललेली संहिता मिळण्याची सोय करावी लागते. साध्या जीपीएलमध्ये हे बंधन नाही.

परवाना नक्कल करण्यास अनुमती देतो म्हणून परीक्षेत वा प्रकल्पात दुसऱ्याचे काम स्वतःचे म्हणून दाखविता येत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील स्थिती

अकरावीचे सुधारित पाठ्यपुस्तक बालभारतीने २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. महाविद्यालय मुंबईतील असो वा सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यातील, पुस्तक एकच असते. त्यातील मुक्त साधनांसाठी परवाना-शुल्काचा प्रश्न दोन्हीकडे उद्भवत नाही. विशेष असे की, पुस्तकाचे पीडीएफ विनामूल्य मिळत असले तरी त्याचे सर्व हक्क पाठ्यपुस्तक मंडळाकडे राखीव आहेत. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर शिकविणारे पुस्तक स्वतः मुक्त परवान्याखाली नाही.

आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवरील ध्वनिचित्रपाठ मराठीतही उपलब्ध केले असून ते क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश-समवितरण परवान्याखाली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेचा 'यशोमुद्रा' आणि त्याच्या देवनागरी वळणांवर आधारलेला आय.आय.टी. मुंबईचा 'शोभिका' हे टंक 'मुक्त टंक परवान्या'खाली आहेत. शाळेच्या हस्तपत्रिकेत वा नियतकालिकात ते निर्वेधपणे वापरता येतात. केवळ टंकाचीच स्वतंत्र विक्री करण्यास मनाई आहे.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये शासकीय कार्यालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकृती धोरण जाहीर केले. शालेय शिक्षणात केरळने 'आय.टी.@स्कूल' प्रकल्पाद्वारे राज्यभर जीएनयू/लिनक्सचा अवलंब केला.