स्पोर्ट्स क्रूझर, कौटुंबिक

साधारण 6 ते 9 मीटर लांबीची, वेगाने धावणारी आणि दोन ते चार माणसांना रात्री मुक्काम करता येईल अशी यांत्रिक सहलनौका. नाळेकडच्या निमुळत्या भागात केबिन असते. तिथे बिछाना, शेगडी, लहान फ्रिज आणि डोके सांभाळून आत शिरावे लागणारे शौचालय एवढा संसार मावतो. मागे उघडे कॉकपिट, त्यावर ताणायचे कापडी छत आणि अगदी टोकाला पोहणाऱ्यांसाठी फळी असते. ब्रिटनचा दक्षिण किनारा, थेम्स नदी, नॉरफोक ब्रॉड्स, भूमध्य समुद्र आणि उत्तर अमेरिकेची मोठी सरोवरे या भागांत ही नौका विशेष दिसते. मालकाच्या दृष्टीने तिचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म कोणत्याही विक्रीपत्रकात छापलेला नसतो : ती धावून जितकी झिजते, त्याहून अधिक नुसती उभी राहून झिजते. देखभालीचा जवळजवळ सगळा खटाटोप या एका गोष्टीभोवती फिरतो.

हा प्रकार तीन शोधांच्या संगमातून घडला. अमेरिकन रचनाकार सी. रेमंड हंट यांनी मागच्या टोकापर्यंत खोल ‘व्ही’ आकार राखणारा तळ आखला. त्या तळाची रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ 1960 ची मायामी–नसाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि वेगवान नौकांच्या बांधणीची दिशाच बदलली. दुसरा शोध स्टर्नड्राइव्हचा, म्हणजे इंजिन नौकेच्या आत आणि पंखा बाहेर अशा जोडणीचा. अभियंता जिम विन यांच्या कल्पनेवर आधारलेली ‘ॲक्वामॅटिक’ ही यंत्रणा व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये बाजारात आणली, तर मर्क्रूझर ही तशीच यंत्रणा 1961 मध्ये आली. तिसरा शोध काचतंतूंच्या प्लॅस्टिकचा, म्हणजे फायबरग्लासचा. त्याने साच्यातून एकामागून एक नौका काढणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये फेअरलाइन (1963), पूल बंदरातील सनसीकर (1969) आणि सीलाइन (1972) या कंपन्या यातूनच वाढल्या. अमेरिकेत बेलायनर आणि सी रे या दोन्ही नौका-कंपन्या ब्रन्सविक समूहाने 1986 मध्ये विकत घेतल्या. मर्क्रूझरही त्याच समूहाची असल्याने नौका आणि इंजिन एकाच घरचे झाले. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात ही नौका आली त्यात या एकत्र विक्रीचा वाटा मोठा आहे.

वेग वाढला की तळ पाण्यावर उचलला जातो आणि नौका घसरत धावू लागते. 25 ते 30 नॉट हा तिचा खरा जिव्हाळ्याचा वेग. त्याची किंमत इंधनात मोजावी लागते. जुन्या पद्धतीचे 220 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात ताशी सुमारे 80 लिटर पिते. म्हणून टाकीचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश परतीसाठी आणि उरलेला अडचणीसाठी हा हिशेब जुने लोक सोडत नाहीत. याउलट नदीत ही नौका अवघडते. थेम्सवर ताशी 8 किलोमीटरची मर्यादा आहे. इतक्या संथ गतीत खोल ‘व्ही’ तळ सरळ चालत नाही, नाळ डावी-उजवीकडे भटकत राहते आणि नवखा चालक स्टिअरिंगचे चाक उगाच फिरवून ते भटकणे आणखी वाढवतो. इंग्लंडमधील विंडरमियर सरोवरावर 2005 पासून ताशी 10 सागरी मैलांची मर्यादा लागू झाली आणि तिथल्या वेगवान नौकांच्या मालकांपुढे सरोवर बदला किंवा नौका बदला एवढेच पर्याय उरले.

स्टर्नड्राइव्ह हे या नौकेचे बलस्थान आणि दुखणेही. इंजिन मोटारीच्या इंजिनावर बेतलेले, नौकेच्या आत. त्याची शक्ती मागच्या भिंतीतून बाहेर पडून दोनदा काटकोनात वळते आणि बाहेर लोंबणाऱ्या ॲल्युमिनियमच्या लेगमधून पंख्यापर्यंत पोहोचते. हा लेग वळतोही आणि वर उचलताही येतो. त्यामुळे वेगळे सुकाणू लागत नाही, उथळ पाण्यात जाता येते आणि इंजिन अगदी मागे गेल्याने केबिनला जागा मिळते. पण एवढ्या हालचालीसाठी नौकेच्या भिंतीला पाण्याच्या पातळीखाली भोक पाडावे लागते. ते झाकणारे बेलोज हे घड्यांचे रबरी नळकांडे हाच आतल्या लोकांचा आणि समुद्राचा दुरावा. रबर उन्हाने कडक होते, घडीत शिंपले वाढले तर कापले जाते. पाणी आत शिरले की आधी बेअरिंग गंजते आणि मालकाचे दुर्लक्ष चालूच राहिले तर नौका धक्क्याला बांधलेल्या जागीच बुडू शकते. दर दोन वर्षांनी बेलोज बदलावे, असा सल्ला म्हणूनच दिला जातो. हा खर्च पुढे ढकलण्यात अर्थ नाही. लेगमधले गियर ऑइल दर हंगामात बदलतात. ते दुधाळ दिसले तर कुठले तरी सील गेले आहे असे समजावे.

खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की विजेचा सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि त्यांतला दुबळा धातू खाल्ला जातो. लेग वाचावा म्हणून त्याच्यावर मुद्दाम आणखी दुबळ्या धातूचे ॲनोड बसवतात : समुद्रात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. ते निम्मे झिजले की बदलायचे. त्यांवर रंग मात्र कधीच द्यायचा नाही. कंपनीचे ॲनोड नीट चमकवून त्यांवर हौसेने काळा रंग फासलेल्या नौका मरिनात दिसतात आणि त्यांच्या लेगचे पुढे काय होते तेही दिसते. धक्क्यावरची वीज जोडलेली असेल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या नौकांशीही नाते जुळते आणि आपले ॲनोड त्यांच्या धातूंची राखण करू लागतात. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर हे छोटे उपकरण ते नाते तोडते.

इंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी खेचणाऱ्या पंपात रबरी पाकळ्यांचा इम्पेलर असतो. तो वर्षाला बदलतात. तुटलेल्या पाकळ्या मोजून सर्व तुकडे सापडले याची खात्री करावी लागते, नाहीतर पुढच्या नळीत अडकलेला तुकडा नवा इम्पेलर असूनही इंजिन तापवतो. पेट्रोल इंजिनाच्या धुराच्या वाटेतले बिडाचे मॅनिफोल्ड आणि रायझर खाऱ्या पाण्याने आतून पोखरले जातात. बाहेरून ते धडधाकट दिसतात. भोक पडले की पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरते.

तळाला शेवाळ आणि बार्नेकल चिकटले की नौका पाण्यावर उचललीच जात नाही. म्हणून दर वसंतात तळाला अँटिफाउलिंग रंग देतात. पूर्वीच्या रंगातले ट्रायब्युटिलटिन फारच गुणकारी होते, आणि तितकेच घातकही. फ्रान्समधील आर्काशोंच्या आखातात कालवांचे पीकच त्याने धोक्यात आणले. फ्रान्सने 1982 मध्ये आणि ब्रिटनने 1987 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान नौकांवर ते बंद केले; 2008 मध्ये जागतिक करार अमलात आला. आताचे रंग बहुधा तांब्याच्या संयुगांचे असतात. ते ॲल्युमिनियमच्या लेगला लावले तर लेगच खाल्ला जातो. त्यासाठी वेगळा रंग मिळतो.

पेट्रोलची वाफ आणि शेगडीचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाच्या पोकळीत साचतात. इंजिन सुरू करण्यापूर्वी ही वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटे चालवण्याची सूचना अमेरिकन नौकांवर चिकटवलेली असते. स्टार्टर किंवा अल्टरनेटर बिघडला तर दिसायला सारखा आणि स्वस्त म्हणून मोटारीचा सुटा भाग बसवू नये. त्याच्या ठिणगीला कवच नसते. धुराचा धोका याहून फसवा. जून 2016 मध्ये नॉरफोक ब्रॉड्समधील रॉक्सम येथे ‘लव्ह फॉर लिडिया’ या अशाच पेट्रोल इंजिनाच्या नौकेवर कार्बन मोनॉक्साइडने दोघांचा जीव गेला. उभ्या नौकेचे इंजिन चालू असेल आणि कापडी छत लावलेले असेल, तर मागून निघालेला वायू कॉकपिटमध्ये वळतो आणि केबिनमध्ये उतरतो. ब्रिटनच्या अंतर्गत जलमार्गांवर 1 एप्रिल 2019 पासून मुक्कामाची सोय असलेल्या नौकांना त्याचा इशारा देणारे यंत्र सक्तीचे झाले.

ब्रिटनमध्ये बहुतेक मालक ऑक्टोबरनंतर नौका किनाऱ्यावर काढतात. इंजिनातले पाणी काढून टाकले नाही तर ते गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटतो. मुंबई आणि गोव्यात गोठण्याची भीती नाही, पण तिथला विश्रांतीचा काळ पावसाळा. कोळी जशी आपली होडी शाकारतात, तशीच सहलनौकाही वर घेऊन झाकावी लागते. उबदार पाण्यामुळे तळावरची वाढ इथे बारमाही असते. मुंबई बंदराचे गढूळ पाणी इम्पेलरला लवकर घासते, त्यामुळे युरोपातल्या पुस्तिकेतली मुदत जशीच्या तशी धरता येत नाही.

वार्षिक खर्च नौकेच्या किमतीच्या एक दशांश, असा ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. जुन्या नौकेला तो लागू पडत नाही : किंमत उतरते, बेलोजचा आणि धक्क्याचा दर उतरत नाही. मरिना लांबीवर पैसे घेते आणि त्या लांबीत पोहण्याची फळीही धरली जाते. ब्रिटनमध्ये समुद्रात खाजगी सहलनौका चालवायला परवाना लागत नाही. अंतर्गत जलमार्गांवर मात्र नोंदणी आणि दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी आवश्यक आहे. युरोपीय नियमांनुसार ‘सी’ वर्गाची नौका बोफर्ट 6 पर्यंतचा वारा आणि 2 मीटरपर्यंतच्या लाटांसाठी, तर ‘बी’ वर्गाची बोफर्ट 8 आणि 4 मीटरसाठी आखलेली असते. ही मर्यादा नौकेची आहे, तीत बसलेल्या मुलांची नाही.

जुनी नौका घेताना सर्वेक्षक तळाची आर्द्रता मोजतो आणि जेलकोटखाली, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थराखाली फोड शोधतो. फोड फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती ऑस्मॉसिसची, म्हणजे फायबरग्लासमध्ये पाणी झिरपल्याची खूण. इंजिनाचे तास कमी असणे ही जाहिरातीत गुणवत्ता म्हणून छापली जाते. वीस वर्षांत जेमतेम चाललेल्या इंजिनाबाबत ती शंका घेण्याचे कारण असते. पाण्यावरच्या चाचणीत थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगावे, पूर्ण जोरात नेमके फेरे गाठते का ते पाहावे आणि नौका वर उचलल्यावर लेग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, टॉर्च घेऊन, बेलोजची प्रत्येक घडी तपासावी.