चष्म्यातून दिसतंय कोण?

१९८६ साली अमेरिकेत 'एलियन एन्काउंटर्स' नावाच्या कॉमिकच्या सहाव्या अंकात एक छोटी चित्रकथा छापून आली. नाव 'नाडा'. लेंग्याचा नाही हो, स्पॅनिशमध्ये नाडा म्हणजे 'काहीही नाही'. मूळ लेखक रे नेल्सन, चित्रं बिल रे यांची. (दोन्ही 'रे' वेगळे.) मूळ कथा त्याहून जुनी, नेल्सनने ती १९६३ मध्ये एका विज्ञानकथा मासिकात लिहिली होती.

कथा अशी. जॉर्ज नाडा नावाचा साधा माणूस संमोहनाच्या प्रयोगात स्टेजवर जातो. प्रयोग संपताना सगळे जागे होतात, पण हा गडी जरा जास्तच जागा होतो. त्याला दिसतं की गर्दीत सरड्यासारख्या कातडीची, परग्रहावरची माणसं मिसळलेली आहेत. तीच टीव्हीवर बोलतात, तीच पोस्टरवरून हुकूम सोडतात, आणि आपण सगळे झोपेत ते हुकूम पाळतो. मग त्याला फोन येतो: उद्या सकाळी आठला तुझं हृदय बंद पडेल. त्याआधी तो टीव्ही केंद्रात घुसतो आणि लोकांना जागं करतो. पण हुकूम आत रुजलेला असतो. आठ वाजता तो मरतोच.

जॉन कार्पेंटर या दिग्दर्शकाने हे कॉमिक पाहिलं, हक्क घेतले आणि 'दे लिव्ह' हा सिनेमा काढला. त्याने संमोहन काढून टाकलं आणि चष्मा आणला. लॉस एंजेलिसमध्ये रोजगाराच्या शोधात आलेला एक मजूर, त्याला एक काळा चष्मा सापडतो. चष्मा लावला की जग कृष्णधवल दिसतं. जाहिरातीच्या फलकावर खाली लपलेला मजकूर दिसतो: आज्ञा पाळा, खरेदी करा, विचार करू नका. नोटेवर लिहिलेलं असतं की हाच तुमचा देव. आणि सूटबूट घातलेल्या बड्या लोकांपैकी बऱ्याच जणांचे चेहरे कवटीसारखे दिसतात.

सिनेमा लागला ४ नोव्हेंबर १९८८ ला. चार दिवसांनी तिकडे अध्यक्षपदाची निवडणूक होती. रेगन यांची आठ वर्षं संपत आलेली. कारखाने बंद पडत होते, बेघरांच्या झोपड्या वाढत होत्या आणि दुसरीकडे शेअर बाजारातल्या तरुणांची चंगळ चालू होती. कार्पेंटरचा राग या सगळ्यावर होता, आणि त्याने तो लपवलेला नाही. सिनेमातली सगळ्यात कडू गोष्ट मला वाटते ती परग्रहवासी नाहीत. ती आहे एक मेजवानी. तिथे चांगले कपडे घातलेली, हाडामांसाची माणसं बसलेली असतात. परग्रहवाल्यांशी हातमिळवणी करून श्रीमंत झालेली. म्हणजे दोष नुसता बाहेरून आलेल्यांचा नाही, घरातल्या भागीदारांचाही आहे.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढचं ऐका.

काही वर्षांनी नाझी विचारांच्या लोकांनी इंटरनेटवर हा सिनेमा आपलासा केला. त्यांचं म्हणणं असं, की ते कवटीचे चेहरे म्हणजे ज्यू. दिग्दर्शकाला म्हणे हेच सांगायचं होतं, उघड बोलता येत नव्हतं म्हणून परग्रहवासी दाखवले. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये खुद्द कार्पेंटरला ट्विटरवर लिहावं लागलं की सिनेमा बेलगाम भांडवलशाहीबद्दल आहे, आणि ज्यू जगावर राज्य करतात ही बदनामी आहे, खोटं आहे. तरीही ते थांबले नाहीत. उलट 'बघा, त्याला बोलायला लावलं' असा अर्थ काढायला अशी मंडळी मोकळीच असतात.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं याचं कारण, हीच चोरी आधी एकदा झाली आहे. हुबेहूब.

१८६४ साली मॉरिस जोली नावाच्या फ्रेंच वकिलाने एक पुस्तक लिहिलं. नरकात मॅकियाव्हेली आणि माँतेस्क्यू गप्पा मारतात अशी कल्पना. मॅकियाव्हेली सांगतो, वर्तमानपत्रं कशी ताब्यात ठेवायची, लोकांना स्वातंत्र्याचा भास देऊन सत्ता कशी एकवटायची. रोख होता सम्राट तिसऱ्या नेपोलियनवर. पुस्तक निनावी होतं, ब्रसेल्समध्ये छापलं होतं, तरी पोलिसांनी लेखक शोधून काढला. जोलीला १५ महिन्यांची शिक्षा झाली. पुस्तकात ज्यूंच्या कटाचा उल्लेखसुद्धा नाही.

पुढे कुणीतरी त्याच पुस्तकातले परिच्छेदच्या परिच्छेद उचलले, सम्राट काढला आणि त्याच्या जागी 'ज्यूंचे गुप्त पुढारी' बसवले. १९०३ मध्ये रशियातल्या एका वर्तमानपत्रात ते 'गुप्त दस्तऐवज' म्हणून छापलं गेलं. हेच ते कुप्रसिद्ध 'झायनच्या वडीलधाऱ्यांचे प्रोटोकॉल'. १९२१ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये फिलिप ग्रेव्हज या वार्ताहराने जोलीचं पुस्तक आणि हे कागद शेजारी शेजारी ठेवून चोरी दाखवून दिली. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, हे बनावट आहे हे सिद्ध होऊन. काय उपयोग झाला? अमेरिकेत हेन्री फोर्डच्या वर्तमानपत्राने याच मालावर लेखमाला चालवली होती. १९२७ मध्ये फोर्डने जाहीर माफी मागितली, पण तोवर त्या लेखांची पुस्तकं भाषांतर होऊन जर्मनीत पोहोचली होती. नाझींनी प्रोटोकॉल प्रचारात वापरले. पुढे युरोपात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले.

दोन्ही वेळचा क्रम बघा. आधी कुणीतरी सत्तेवर टीका करतो. मग दुसरा कुणीतरी येऊन टीकेचा सांगाडा तसाच ठेवतो आणि फक्त चेहरा बदलतो. सिंहासनावरचा माणूस काढून तिथे शेजारचा माणूस बसवतो. लोकांचा राग खरा असतो, महागाई खरी असते, बेकारी खरी असते. फक्त पत्ता चुकीचा लिहिला जातो. आणि ज्याच्या नावाने पत्र निघालं होतं तो सुखाने झोपतो.

आता कुणी म्हणेल, मग गुप्त कट वगैरे सगळं झूठच का? नाही. अमेरिकेच्या सीआयएने १९५३ पासून 'एमके-अल्ट्रा' नावाने माणसाच्या मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग खरोखर केले. लोकांना न सांगता एलएसडी दिलं. १९७३ मध्ये कागदपत्रं नष्ट करायचा आदेश निघाला. तरी हिशेबाच्या फायलींमध्ये काही हजार पानं राहून गेली आणि १९७७ मध्ये माहितीच्या कायद्याखाली ती बाहेर आली. सिनेटसमोर सुनावण्या झाल्या. खात्याचं नाव, अधिकाऱ्यांची नावं, खर्चाची पावती, सगळं समोर आलं.

उलटं उदाहरणही आहे. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी नावाच्या जाहिरातवाल्याने दावा केला की सिनेमाच्या पडद्यावर क्षणभर 'पॉपकॉर्न खा' असा संदेश चमकवला आणि विक्री धडाधड वाढली. जगभर घबराट. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केलं की तो धंदा वाढवायचा फंडा होता. नेल्सनची कथा याच काळातली आहे, हे लक्षात घ्या. लपलेल्या हुकमांची भीती तेव्हा हवेतच होती.

खरा कट आणि बनावट कट यांच्यातला फरक मला इथे दिसतो. खऱ्या कटाला खातं असतं, सही असते, तारीख असते, आणि खोटं ठरण्याची शक्यताही असते. बनावट कटाला फक्त एक जमात असते. पुरावा नसला तर तोच म्हणे पुरावा.

हे सगळं आपल्यापासून लांबचं वाटेल. पण 'मूठभर ज्यू घराणी सगळं जग चालवतात' हा मेसेज मला मराठीत आला आहे, तोही अगदी सभ्य माणसांकडून. लशीतून चिप घालून माणसं ताब्यात घेणार, हाही आला होता. पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नाही, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात आपल्या कोकणात बेने इस्रायल शतकानुशतकं राहिले. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, रोहेकर, नवगावकर. घरात मराठी. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, तिथेही पहिल्या पिढीने मराठी सोडली नाही. मुंबईतला ई. मोझेस रोड ज्यांच्या नावाने आहे ते डॉ. एलिजा मोझेस याच समाजातले, मुंबईचे महापौर होते.

म्हणजे ज्या 'ज्यू'चा चेहरा त्या मेसेजमध्ये कवटीचा करून दाखवतात, तो आपल्याकडे घाण्यावर तेल गाळत होता आणि शेजाऱ्याला उसनं देत होता. आज तो चेहरा ज्यूचा आहे. उद्या दुसऱ्या कुणाचा असेल, सांगाडा तोच राहील. आपल्याच तालुक्यात कुणाचा चेहरा तिथे बसवला जातो, हे ज्याने त्याने आपल्या फोनमध्ये बघावं.

यापुढे असा मेसेज आला की मी तीनच गोष्टी बघायच्या ठरवल्या आहेत. यात एखाद्या पदावरच्या माणसाचं किंवा संस्थेचं नाव, तारीख, कागद आहे का? हे खोटं ठरू शकेल अशी काही सोय आहे का? आणि वाचून झाल्यावर मला राग कुणाचा येतोय, खुर्चीवर बसलेल्याचा, की पलीकडच्या आळीत राहणाऱ्याचा?

रायगडकर मंडळींना एक विनंती. तुमच्या आजीआजोबांनी शनिवार तेल्यांच्या काही आठवणी सांगितल्या असतील तर खाली जरूर लिहा. नावं टाकू नका, गाव आणि आठवण पुरे. ती माणसं डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता थोडी उरली आहे, आणि त्यांच्या आठवणी अशा मेसेजांवर माझ्या लांबलचक पोस्टपेक्षा चांगलं उत्तर आहेत.