कायनेटिक होंडाची ॲक्सिलरेटर केबल

कायनेटिक होंडा या बिनगिअरच्या स्कूटरमध्ये उजव्या मुठीपासून निघून कार्बोरेटर आणि ऑइल पंप अशा दोन ठिकाणी पोचणारी तार. गॅरेजच्या बोलीत एक्सिलेटर केबल. तिची ढील मर्यादेत आणणे आणि दोन्ही टोके बरोबरीने उघडतात हे पाहणे म्हणजे केबलची सेटिंग.

पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये लूना आणली होती. पुढे जपानच्या होंडाशी भागीदारी होऊन १९८४ मध्ये ही स्कूटर बाजारात आली: ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, बटणस्टार्ट, आणि क्लच-गिअरची कटकट नाही. १९९८ मध्ये होंडा भागीदारीतून बाहेर पडली. तेव्हाच्या गाड्या आज जुन्या वाहनांच्या हौशी लोकांकडे जपलेल्या दिसतात.

काही जुन्या ऑटोमॅटिक मोटारींत थ्रॉटल केबल थेट गिअरबॉक्सला जोडलेली असे. जनरल मोटर्सच्या १९८२ पासूनच्या ७००आर४ गिअरबॉक्समध्ये ही केबल ढिली राहिली, तर आतला तेलाचा दाब कमी पडून क्लचप्लेटा जळत. कायनेटिक होंडात गिअरबॉक्सकडे जाणारी अशी तार नाही. तिथे इंजिनाचा वेग वाढला की पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, पट्टा वर चढतो आणि गाडी आपोआप वरच्या वेगाला जाते. म्हणूनच फसगत होते. केबल ढिली असल्याने कार्बोरेटर पूर्ण उघडत नाही, इंजिन हवे तेवढे फिरत नाही, पट्टा चढत नाही. आणि पिकअप नाही म्हणून आधी पट्टा आणि रोलर बदलले जातात. पाच मिनिटांच्या कामाऐवजी हा भलताच खर्च पडतो.

तपासणीची सुरुवात इंजिन बंद ठेवून करावी. मूठ हलकेच पिरगाळली, की तार ताणली जाण्याआधी मुठीची कड २ ते ६ मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. जास्त फिरली तर ढील, अजिबात फिरली नाही तर ताण. चेकनट सैल करून ॲडजस्टर फिरवायचा आणि चेकनट पुन्हा आवळायचा. मग इंजिन सुरू करून स्लोवर ठेवायचे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवायचे. वळवताना आवाज चढला, गाडी आपसूक रेस झाली, तर केबल कुठेतरी दाबली किंवा ओढली जाते आहे. मुठीजवळच्या निपलपाशी तारेचा एखादा धागा तुटून बोटाला टोचत असेल, तर सेटिंगच्या नादी न लागता केबल बदलावी.

खरे महत्त्व दुसऱ्या, म्हणजे ऑइल पंपाच्या टोकाला आहे. या गाडीत ऑइलची टाकी वेगळी असते आणि मूठ जितकी उघडेल तितके तेल पंप इंजिनाला देतो. पंपाच्या दांडीवर आणि अंगावर खुणा असतात. मूठ पूर्ण उघडल्यावर त्या समोरासमोर याव्या लागतात. दांडी मागे राहिली तर पेट्रोल भरपूर आणि तेल कमी, म्हणजे पिस्टन सीझ होण्याची तयारी. पुढे गेली तर सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि काजळलेला प्लग. कार्बोरेटरची केबल नीट करून पंपाची तशीच सोडणे ही यातली सर्वांत महागडी चूक.

अकोटसारख्या गावी या चुकीची किंमत लवकर कळते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या कापूसपट्ट्यात काळ्या मातीची बारीक धूळ केबलच्या आवरणात शिरते, पावसात तिचा चिखल होतो आणि तार जड चालू लागते. अकोला इथून सुमारे ४५ किलोमीटर. त्या वाटेवर मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकलेला, गाडीवर डबलसीट, मूठ जवळपास पूर्ण उघडी: टू-स्ट्रोक इंजिनाला तेलाची सर्वांत जास्त गरज असते ती नेमकी अशा वेळी.

तेल कमी पडण्याच्या धास्तीने अनेक मेकॅनिक पंप बंदच करून ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायला सांगतात. इंजिन त्याने वाचते, पण प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना माप सांभाळावे लागते आणि स्लोवर उभ्या गाडीलाही त्याच प्रमाणात तेल जाते. असा बंद पंप पुन्हा जोडायचा असेल, तर टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीतली हवा आधी काढावी लागते. हवेचा बुडबुडा आत राहिला, तर खुणा जुळूनही तेल इंजिनापर्यंत पोचत नाही.